शालनचा सौदा

सांगलीपासून समुद्र चांगला चार-पाच तास लांब आहे, हे मला शिडाची होडी घ्यायच्या आधीही माहीत होतं. (हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण होडी घेतल्यापासून जो भेटतो तो मला ही माहिती नव्यानं देतो.)

आमचं ताडपत्रीचं दुकान आहे. उसाच्या ट्रॉलीवर, हळदीच्या पोत्यांवर, लग्नाच्या मांडवावर जे काय झाकायचं असेल त्याला आम्ही झाकण शिवून देतो. धंदा वडिलांपासूनचा, शिवण दुहेरी, आणि गिऱ्हाईक पार लोणंदपासून कर्नाटकापर्यंत. माझ्यात खोट म्हणाल तर एकच आहे. मला प्रश्न पडतात! आणि पडलेला प्रश्न विचारल्याशिवाय मला राहवत नाही. एकदा मी केळी आणायला गेलो आणि केळीवाल्याच्या सायकलचा रबरी भोंगा एवढा मोठ्यानं कसा ओरडतो ते विचारत बसलो. घरी आलो तो भोंगा घेऊन. केळी तिथंच राहिली.

तर लोणंदहून क्षीरसागर साहेबांचा फोन आला. कांद्याच्या चाळीला ताडपत्री हवी होती, माप घ्यायला या म्हणाले. मी गेलो. लोणंद म्हणजे कांद्याचं गाव, चाळी काय मला नव्या नव्हत्या. पण या चाळीत कांद्याच्या ढिगातून एक निमुळतं, निळं टोक वर आलेलं होतं.

"साहेब, हे काय?"

"होडी."

"कुणाची?"

"माझी. शिडाची आहे."

"कांद्यात?"

"कांदे होडीत आहेत," साहेब जरा कडकपणे म्हणाले.

साहेब नौदलातून निवृत्त झालेले. (आडनावातच सागर! मी हे त्यांना बोलून दाखवलं. ते हसले नाहीत. नंतर कळलं, नोकरीभर रोज कुणी ना कुणी हेच बोलायचं.) गावी आल्यावर करमेना म्हणून त्यांनी मुंबईहून ही जुनी होडी आणली आणि वीर धरणाच्या पाण्यात चालवली. पुढं गुडघे दुखायला लागले. होडी चाळीत आली, आणि रिकामी जागा दिसल्यावर काकूंनी तिच्यात कांदे भरले.

मी माप घ्यायचं विसरलो. शीड कशाचं? डोलकाठी उभी कशी राहते? पोटातली ही फळी खाली कशाला सोडायची? साहेब उत्तरं देत गेले, मी विचारत गेलो. दोन तासांनी ते म्हणाले, "विकायची आहे. चाळीस हजार."

चाळीस हजार! माझ्याकडे बरोबर तेवढेच होते. दुकानात जाड ताडपत्री शिवायला नवीन मशीन घ्यायचं म्हणून शमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन वर्षं बाजूला टाकलेले.

घरी आम्ही आमची सांगलीची दखनी बोलतो. पण शमा इस्लामपूरच्या मराठी शाळेत शिकलेली, आणि राग आला की ती एकदम पुस्तकी मराठीत शिरते. त्या रात्री जेवताना मी होडीचा विषय काढला.

"आपण ताडपत्रीचं माप घेण्यासाठी गेला होतात," शमा म्हणाली. "ते माप कुठे आहे?"

मी आमटीत भाकरी कुस्करायला लागलो.

"मी केवळ बघून येतो," शेवटी मी म्हणालो. (तिच्या मराठीचा माझ्यावरही परिणाम होतो.)

"आपण बघायला गेलात की घेऊनच येता. मीही येणार. आणि हुसेनमामूंनाही घेणार."

हुसेनमामू म्हणजे माझ्या आईचे भाऊ. हळदीच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं दलाली केली. जुन्या पद्धतीनं, हातावर रुमाल टाकून, रुमालाखाली बोटं दाबून सौदा करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. (म्हणजे रुमालाखाली धरायचे, पण परवडायचं नाही.) होडी त्यांनी जन्मात बघितली नव्हती. पण सौदा म्हटल्यावर म्हातारा स्वच्छ लेंगा घालून, खांद्यावर रुमाल टाकून सकाळी सहालाच दारात हजर!

"ऐक इकबाल," गाडीत बसल्या बसल्या मामूंनी बजावलं, "तू तिथं त्वांड उघडायचं न्हाई. गिऱ्हाईकानं एक प्रश्न इचारला की भाव हजारानं चढतो. तू माणूस न्हाईस, तू चढता बाजार हाईस."

"आणि तुम्ही काय करणार मामू?"

"मी खोड्या काढणार. मालात खोड काढली की भाव उतरतो. हळद असो न्हाईतर आगबोट."

लोणंदला पोचलो. साहेबांनी होडी कांद्यातून मोकळी करून, धुऊन अंगणात आणून ठेवली होती. उन्हात ती अशी काही दिसत होती की माझ्या जिभेवर अकरा प्रश्न जमले. मी ओठ मिटून धरले. शमा चाळीच्या सावलीत खुर्चीवर बसली. मामूंनी होडीला एक चक्कर मारली, चष्मा पुसला, आणि मोठ्यानं विचारलं, "नाव काय हिचं?"

"शालन," साहेब म्हणाले.

झालं! मामू सुरू झाले. त्यांचा आवाज मुळात बाजारातला, त्यात ऐकायला जरा कमी येतं म्हणून आणखी चढलेला.

"शालन लय जुनी दिसतीया, सायेब! रंग पार उडालाय. बूड बघा केवढं जड झालंय! आन् ही एका अंगाला कलती व्हय? आवं, आसल्या शालनला आता कोण न्हेणार? फुकट दिली तरी सांभाळायचा खर्चच जास्त!"

मागून कपबशांचा आवाज आला. क्षीरसागर काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"माझी मिसेस," साहेब खोल आवाजात म्हणाले. "शालन."

चहा तर दिसत होता, पण तो आपल्याला मिळेल की आपल्यावर येईल याचा अंदाज लागत नव्हता. शेवटी काकूंनी ट्रे होडीच्या फळीवर आपटला आणि त्या आत निघून गेल्या. त्यांच्यामागं शमा धावत गेली. जाता जाता तिनं माझ्याकडे बघितलं. (मी! मी एक शब्दही बोललो नव्हतो!)

"बेचाळीस," साहेब म्हणाले.

खोड काढून भाव चढलेला मामूंनी आयुष्यात पहिल्यांदाच बघितला. पण दलाल जातीचा माणूस, तो घाबरत नाही. त्यांनी सावकाश साहेबांना नोकरीच्या गोष्टींत गुंतवलं. कुठं कुठं होता, तुफान कसं असतं, जहाजावर भाकरी मिळते का? साहेब खुलले. चांगले रंगात आले आहेत असं बघून मामूंनी खांद्यावरचा रुमाल काढला, साहेबांच्या हातावर टाकला आणि आत हात घातला.

"आता तोंडानं न्हाई सायेब. हातानं सांगायचं. बोला, किती?"

साहेब आधी दचकले, मग त्यांना गुदगुल्या व्हायला लागल्या. एवढा करड्या मिशीचा माणूस "हिहिहि" करत पाय आपटायला लागला! मामूंचा चेहरा मात्र दगडासारखा. रुमालाखाली काहीतरी वळवळलं, थांबलं, पुन्हा वळवळलं. साहेबांनी दोन बोटं दाबली, मग पाच आणि तीन अशी आठ.

मामूंनी रुमाल झटकला आणि माझ्या कानात (म्हणजे अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं) सांगितलं, "अठ्ठावीस! उरकलं!"

मला तर मामूंचे पाय धरावेसे वाटले. पण साहेब हसू पुसत म्हणाले, "चला, आता धरणावर. पाण्यात बसल्याशिवाय मी कुणाला होडी देत नाही."

होडी दोन चाकांच्या गाड्यावर होतीच. ती साहेबांच्या जीपच्या मागं बांधली, आणि आम्ही सगळे निघालो. शमा आणि काकू मागच्या सीटवर एकमेकींना खेटून, जन्माच्या मैत्रिणी असाव्यात तशा कुजबुजत होत्या. आत स्वयंपाकघरात नक्की काय झालं, हे मला त्यावेळी विचारायला हवं होतं. आयुष्यभर नको ते प्रश्न विचारले, आणि हा एवढा एक नेमका विचारला नाही!

धरणावर साहेबांनी मला नारिंगी जाकीट घातलं. मी सवयीनं त्याची शिवण बघितली. एकेरी! मी त्याचे बंद आणखी दोनदा आवळले. कृष्णाकाठी जन्म गेला, पण मला पोहता येत नाही. (पूर आला की आम्ही वरच्या मजल्यावर जातो, पोहायला जात नाही.) मामूंनी "मी काठावरनं लक्ष ठेवतो" म्हणून बाभळीखाली बसकण मारली. मी आणि साहेब निघालो.

आणि खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं मी किंमत विसरलो. इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही. फळ्यांखालून पाणी पळतंय तेवढी खळखळ. वर शीड भरलेलं. मी जन्मभर कापड शिवतोय ते वाऱ्याला बाहेर ठेवायला, आणि इथं कापड वाऱ्याला धरून ठेवत होतं! माझी जीभ सुटली.

"साहेब, वारा समोरनं येतोय, मग आपण पुढं कसं जातोय?"

"नागमोडी जातोय. वाऱ्याला थोडं तिरकं, मग दुसऱ्या बाजूनं तिरकं."

"म्हणजे वाऱ्याच्या नाकासमोरच त्याला चकवत?"

"तसंच म्हणा."

"साहेब, मग विकता कशाला?"

साहेबांनी वर शिडाकडे बघितलं. सुकाणूवरचा त्यांचा हात मात्र एवढा हलका होता की जणू मांजराच्या पाठीवर ठेवलाय. "गुडघे," ते म्हणाले. "आणि पोरं पुण्यात. नुसती पडलेली मला बघवत नाही. तुमच्याआधी दोघं आले होते. एकाला हॉटेलच्या दारात ठेवून आत दिवे लावायचे होते. दुसऱ्याला माती भरून गुलाब लावायचे होते. दोघांनीही एक प्रश्न विचारला नाही हो. तुम्ही त्या दिवशी दोन तास विचारत होता. तेव्हाच ठरवलं, द्यायची तर यालाच."

माझ्या प्रश्नांबद्दल चांगलं बोलणारा हा जगातला पहिला माणूस! मी काहीतरी छानसं बोलणार, तेवढ्यात साहेबांनी माझ्या हातात शिडाची दोरी दिली. "धरा जरा. मी फळीची खुंटी बघतो."

मी धरली. आणि वारा आला.

वारा म्हणजे काय, डोंगरावरनं कुणीतरी ढकलून दिल्यासारखा! होडी एकदम एका अंगावर गेली. माझी बाजू वर, साहेबांची खाली, आणि साहेबांच्या कोपरापाशी पाणी. मी हातात जे होतं ते, म्हणजे ती दोरी, जिवाच्या आकांतानं ओढून धरली.

"सोडा!" साहेब ओरडले.

मला वाटलं, सौदा सोडा म्हणतायत! आता? या अवस्थेत? सौदा सुटला तर हा माणूस मला काठाला तरी कशाला नेईल?

"नाही सोडत साहेब! अठ्ठावीस ठरलेत! तीस देतो!"

दोरी आणखी ओढली गेली. होडी आणखी कलली.

"अहो, सोडा म्हणतोय ना!"

"पस्तीस! पस्तीस देतो, पण काठाला घ्या!"

"सोडा! सोडा!!"

"चाळीस!"

आता पाणी आत यायला लागलं. काठावर मामू उभे राहून दोन्ही हातांनी रुमाल हलवत होते. भाव उतरव अशी ती खूण होती. मला ती "चढव" अशी वाटली.

"पंचेचाळीस!" मी आकाशाकडे बघून ओरडलो.

"इकबालभाई, दोरी सोडा! दो-री!"

दोरी! मी सोडली. शीड फडफडलं, होडी शहाण्या पोरीसारखी सरळ झाली, आडवा दांडा फिरून माझ्या डोक्यावर बसला, आणि सगळीकडं शांत झालं. धरणाच्या पाण्यावर आवाज फार लांब जातो हे मला तेव्हा कळलं. कारण पलीकडच्या काठावर म्हशी धूत असलेल्या माणसानं मोठ्यानं विचारलं, "पंचेचाळीस कशाचं?"

आम्ही काठाला लागलो. मामू धावत आले. "सायेब, त्याचं काय ऐकू नगा! भीतीपोटी बोललाय. आपलं अठ्ठावीस ठरलंय, रुमालाखाली!"

"अठ्ठावीस?" साहेब गोंधळले. "ती तर मी नोकरीची वर्षं सांगितली. तुम्ही 'किती' विचारलंत ना!"

मामू वाळूत बसले. चाळीस वर्षांच्या दलालीत त्यांनी कुणाची नोकरी विकत घेतली नव्हती.

तेवढ्यात शमा पुढं आली. तिचा चेहरा बघून मी ओळखलं की आता पुस्तकी मराठी येणार.

"आपण पंचेचाळीस सहस्र म्हणालात?" सहस्र! एवढी शुद्ध ती आमच्या लग्नानंतर कधीच बोलली नव्हती. "माझा आणि काकूंचा व्यवहार सकाळीच, स्वयंपाकघरात निश्चित झालेला आहे. पंधरा."

"पंधरा?" मी आणि साहेब एकदम ओरडलो.

"व्हय, पंधरा!" काकू पदर खोचून म्हणाल्या. "आन् वर कांद्याचं एक पोतं देनार. आवं, धा वर्सं माझं नाव घिऊन ती चाळीत पडलीया. पै-पाव्हणा आला की इचारतो, शालन कुठं हाय? कुनीतरी सांगतं, कांद्यात पडलीया! न्हेऊन टाका तिला एकदाची!"

आता बघा. काकू पंधरा, मामू अठ्ठावीस, साहेब बेचाळीस, आणि मी, घेणारा, पंचेचाळीस! अख्ख्या बाजारात सगळ्यात वरचा भाव माझा.

साहेबांनी होडीकडे बघितलं. मग ओल्या शिडावरून हात फिरवला. काकू बोलायला गेल्या आणि त्यांचा तो हात बघून थांबल्या. "राहू दे," त्या हळूच शमाला म्हणाल्या. "पंधराला दिली तर त्यांना झोप यायची न्हाई."

"मी आधी चाळीस सांगितले होते," साहेब म्हणाले. "बेचाळीस रागात म्हणालो, ते सोडा. आणि बुडायला आलेल्या माणसाकडून पंचेचाळीस घेणं मला शोभत नाही. चाळीसच द्या."

मला एवढं भरून आलं की मी त्यांचे दोन्ही हात धरले. पाच हजारांची सूट दिली म्हणून त्यांचे आभार मानले! पुन्हा पुन्हा मानले! एक अख्खा दिवस, एक मामू, एक रुमाल आणि एक बायको खर्ची घालून मी होडी बरोबर पहिल्या सांगितलेल्या किमतीला घेतली, आणि खूश होतो. शमानं पैसे मोजून दिले. का दिले, हे मी तिला पुढं विचारलं. म्हणाली, "तुम्ही पाण्यात असताना, वारा यायच्या आधी, मी तुमचं तोंड बघितलं. मशीन पुढच्या वर्षी घेऊ." हे ती साध्या मराठीत बोलली, म्हणून मी जास्त खोलात गेलो नाही.

रात्री साहेबांकडेच राहून, दुसऱ्या दिवशी टेम्पोत होडी घालून आम्ही सांगलीला निघालो. शालन उघडीच होती. (ताडपत्रीवाल्याची होडी, आणि वर ताडपत्री नाही! घरनं आणायचीच विसरलो.) साताऱ्याजवळ चहाला थांबलो तर गर्दी जमली.

"केवढ्याला घेतली?"

"चाळीस."

"लय फसलासा."

ते मला लागलं. कऱ्हाडात विचारलं तेव्हा मी तीस सांगितले.

"तीस? फसलासा की हो!"

इस्लामपूरला शमाच्या माहेरी जेवायला थांबलो. सासऱ्यांसमोर मी वीस म्हणालो. शमानं माझ्याकडे बघितलं. सासरे होडीवर टिचकी मारून म्हणाले, "वीस जास्त झालं." आष्ट्याला एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं गाडी आडवी लावून विचारलं. मी दहा म्हणालो. तो नुसतंच "च् च् च्" करत निघून गेला.

आमच्या गल्लीत शिरेपर्यंत माझा धीर संपला होता. होडी उतरवायला शेजारचा संपत आला. संपतची गुळाची अडत आहे. तो बघेल ती वस्तू विकत मागतो.

"केवढ्याला रं, इकबाल?"

"फुकट," मी म्हणालो. "एका साहेबांनी प्रेमानं दिली."

"फुकट?" संपतनं होडीला चक्कर मारली. "मग मला निम्म्या किमतीत दे की."

आता ज्याला दिवसभर सगळ्यांनी फसला फसला म्हणून हिणवलंय, तो माणूस पडती बाजू घेईल का? मी छाती पुढं काढली.

"निम्म्यात परवडत न्हाई गड्या. पाऊण किंमत दे."

संपतनं जरा विचार केला. "ठरलं!" म्हणून त्यानं हात पुढं केला, आणि मी तो घट्ट धरला. शमानं मध्ये येऊन आमचे हात सोडवले नसते, तर त्या दिवशी मी होडी फुकटाच्या पाऊण किमतीला विकून, आयुष्यात पहिल्यांदाच भाव न सोडता सौदा केला म्हणून गल्लीभर पेढे वाटले असते!